स्वभावाला औषध

स्वभावाला औषध नाही, असं आपल्याकडे पूर्वापार म्हणत आले. हल्ली ते मिळतं. कुठल्याही केमिस्टकडे, बाटलीत. सकाळी अनशापोटी एक गोळी आणि पुढे अर्धा-पाऊण तास चहा नाही. पुष्कळांना यातला दुसरा भागच रोगाहून जड जातो, ते सोडा.

गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड नावाची ग्रंथी असते. वजन सुमारे २० ग्रॅम. सुनेच्या गळ्याबाहेरचे तोळे सगळ्या घराला तोंडपाठ असतात, या आतल्यांची चौकशी कुणी करत नाही. ही ग्रंथी मंदावली की माणूस दमतो, जाड होतो, भर मे महिन्यात पंखा बंद करा म्हणतो, केस गळतात, पोट साफ होत नाही, विसरतो, उदास बसतो. जास्त काम करू लागली की छातीत धडधड, हात थरथरणं, घाम, खाऊनही वाळणं आणि ऊठसूट चिडणं. आता सांगा, ही लक्षणं झाली की सोयरिकीच्या वेळी कानावर घातलेले मुलीचे दोष?

आमच्या एका वहिनींना सासरी सहा वर्षं ‘आळशी’ हे एकच विशेषण होतं. त्यांनाही ते पटलेलं. पहाटे पाचचा गजर लावायच्या, वहीत संकल्प लिहायच्या, दुपारी भांड्यांपाशीच डुलक्या काढायच्या. मग कुणीतरी रक्त तपासायला सांगितलं. टीएसएच कितीतरी पट वाढलेलं! गोळी सुरू झाली आणि दोन-तीन महिन्यांत बाई माणसांत आल्या. सासूबाई म्हणाल्या, “अगोबाई, दुखणं होतं होय!” संपलं. विशेषण परत घेतल्याचं कुणी बोललं नाही.

वहिनींनी मला विचारलं, “पण भावजी, ती सहा वर्षं पाचला उठून डबे करणारी कोण होती हो?”

प्रश्न बिकट आहे. आळस ग्रंथीच्या खात्यावर टाकला, तर उत्साहही तिच्याच खात्यावर जायला हवा. १८९१ साली इंग्लंडमध्ये जॉर्ज मरे या डॉक्टरांनी मेंढीच्या थायरॉइडचा अर्क एका आजारी बाईंना टोचला. बाई सुधारल्या, पुढे २८ वर्षं जगल्या. त्या वर्षांतली कामं कुणाची म्हणायची, बाईंची की मेंढीची? मी म्हणेन, बाईंचीच. आणि वहिनींचे डबे तर दुप्पट वहिनींचे, कारण तेव्हा मेंढीसुद्धा मदतीला नव्हती.

पण सगळ्याच आळसाला रिपोर्टचं पाठबळ मिळत नाही. आमच्या ऑफिसातल्या एका गृहस्थांचा रिपोर्ट नॉर्मल आला, तेव्हा त्यांचा चेहरा पार उतरला. घरी काय सांगायचं? मला त्यांचीही कीव आली. थकलेल्या माणसाशी नीट बोलायला आधी लॅबची चिठ्ठी कशाला हवी, हे मला अजून कुणी समजावलेलं नाही.

आमचे नानाकाका मात्र पहाटे चारला उठून जगाला आळशी ठरवतात. दिवसभर धावपळ, वजन तसूभर वाढत नाही, शब्दाशब्दाला भडका. वहिनींनी परवा त्यांना विचारलं, “नाना, तुम्हीही एकदा रक्त तपासून घ्या ना?”

नाना साफ नाही म्हणाले. कारण सांगितलं नाही.