शब्द कुणाचा?



गुरुवारच्या भजनाला पेटी वाजवणारे आपले काका पक्षाघातातून उठले. हात सावरला, पण बोलणं गेलं. याला वाचाघात किंवा अफेझिया म्हणतात. मेंदूला, बहुधा डाव्या बाजूला, इजा होते. माणूस आतून तोच असतो, पण ऐनवेळी शब्द सापडत नाही. १८६१ साली पॅरिसमध्ये डॉ. पॉल ब्रोका यांनी तपासलेला एक रुग्ण कितीतरी वर्षं फक्त "तान" एवढंच बोलायचा; समोरच्याचं बरंचसं मात्र त्याला कळत होतं.

आम्ही मंडळींनी वर्गणी काढून काकांना टॅब्लेट घेऊन दिला. त्यात चित्रं भरली: पाणी, चहा, गोळी, संडास, झोप. चित्रावर बोट ठेवलं की टॅब्लेट तो शब्द बोलतो. आम्हाला वाटलं, सेवा झाली.

एक दिवस काका सगळी चित्रं चाळत राहिले. मग "नाही"वर बोट. पुन्हा "नाही". डोळे भरून आले. काकूंनी ओळखलं. त्यांना भजनाला यायचं होतं, आणि आमच्या चित्रांत पेटीही नव्हती नि भजनही नव्हतं. काकूंचं नावसुद्धा नव्हतं!

दुसऱ्याने काय मागावं, हे आम्हीच ठरवून टाकलं होतं. तहान-भुकेचे शब्द दिले. रुसायला, थट्टा करायला, आठवण काढायला एकही नाही.

कुणी म्हणेल, मौन ही साधनाच की. पण साधनेतलं मौन आपण धरतो, हे तर अंगावर पडलेलं. दोन्ही एकच मानणं म्हणजे त्यांच्या दुःखाकडे पाठ फिरवणं.

आता चित्रं काका स्वतः निवडतात. स्पीच थेरपिस्ट बाई ती भरून देतात. टॅब्लेट बोलला की काका मागोमाग म्हणून बघतात, कधी जमतं, कधी नाही. भजनाची ओळ मात्र पुष्कळदा आपसूक सुटते. बोलता न येणाऱ्या अशा बऱ्याच जणांना गाता येतं.

मग यंत्र बोललं तो शब्द कुणाचा? आम्हाला वाटतं, निवड काकांची तर शब्दही काकांचाच. आपण घाईने पुरं केलेलं त्यांचं वाक्य मात्र आपलं असतं, अगदी बरोबर निघालं तरी.

येत्या गुरुवारी काका येणार आहेत. एकच विनंती. त्यांच्याशी एका वेळी एकानेच बोलावं, एकच प्रश्न विचारावा, आणि मनात दहा वेळा नाम घेईपर्यंत थांबावं. त्यांचा शब्द त्यांनाच शोधू द्या.

जय गुरुदेव.