अंगठा लागत नाही

महाराष्ट्रातल्या शाळकरी मुलांना तंत्रज्ञानाचा नैतिक प्रश्न पहिल्यांदा भेटतो तो निबंधाच्या वहीत. विषय ठरलेला: 'विज्ञान – शाप की वरदान?' उत्तराचा साचाही ठरलेला. अर्धे पान फायदे, अर्धे पान तोटे आणि शेवटी 'विज्ञान वाईट नसते, वापरणारा वाईट असतो' हे वाक्य. या वाक्याला गुण मिळतात, पण विचार तिथेच थांबतो, कारण दोष त्यात नेहमी कुणाच्या तरी हेतूत शोधला जातो. कुणाचाच हेतू वाईट नसताना अन्याय झाला, तर त्याला काय म्हणायचे हे त्या वहीत सापडत नाही.

ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत असा अन्याय रेशन दुकानात दिसतो. धान्याची गळती थांबावी म्हणून बोटाच्या ठशावरून ओळख पटवणारे ई-पॉस मशीन आले. हेतू चांगलाच होता. पण वीटभट्टीवर आणि शेतात राबून ज्यांच्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्या माणसांचा 'अंगठा लागत नाही'. कातकरी आणि ठाकर पाड्यांवर हे वाक्य कुणाला समजावून सांगावे लागत नाही. ओटीपीसारखी पर्यायी सोय नियमात आहे, पण तिला चालू मोबाइल हवा, रेंज हवी. याच मुरबाड तालुक्यात फांगणे गावी ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. अंगठा सोडून सही शिकण्याचे तिथे कौतुक झाले. त्याच काळात सरकारी यंत्रे पुन्हा अंगठा मागू लागली होती.

नववी-दहावीचा विद्यार्थी अशा प्रश्नावर कसा विचार करतो? अमेरिकन संशोधक सॅडलर आणि झाइडलर यांनी २००५ साली जनुकीय तंत्रज्ञानावर महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना बोलते केले, तेव्हा विचाराच्या तीन वाटा दिसल्या: हिशेबी तर्क, दुसऱ्याविषयीची कणव आणि 'हे बरोबर वाटत नाही' अशी तत्काळ जाणीव. एकाच विद्यार्थ्याच्या बोलण्यात या वाटा मिसळूनही येत. त्यातल्या पहिल्या दोन रेशनच्या प्रश्नाला लावून पाहता येतात. 'चोरी कमी होत असेल तर मशीन हवे' हा हिशेब, आणि 'मग आजीने काय खायचे?' ही कणव. आपल्या वर्गांत पहिल्याला मुद्दा म्हणतात, दुसऱ्याला भावनाविवशता. हा भेद खोटा आहे. मानसशास्त्रज्ञ कॅरल गिलिगन यांनी १९८२ साली मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांच्या नैतिक विकासाच्या पायऱ्यांवर हाच आक्षेप घेतला होता: नात्यातून आणि जबाबदारीतून केलेला विचार खालच्या पायरीचा ठरत नाही. आजीचा प्रश्न विचारणारे मूल यंत्राच्या रचनेतलीच चूक दाखवत असते.

फायदा कुणाच्या वाट्याला येतो, हा प्रश्नही इथल्या मुलांना शिकवावा लागत नाही. तानसा धरण १८९२ सालचे. भातसा त्यानंतरचे, आणि मुंबईच्या रोजच्या पाण्यातला निम्म्याच्या आसपास वाटा त्याचा. दोन्ही शहापूर तालुक्यात, आणि उन्हाळ्यात टँकरही शहापूर तालुक्यातच. नवे काही आले की 'फायदा कुणाला, झळ कुणाला' असे विचारणे इथे अनुभवातून येते.

संमतीची गोष्ट मात्र अधिक गुंतागुंतीची आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या विदा (डेटा) संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलाची माहिती वापरण्यासाठी पालकाची संमती घेण्याची तरतूद आहे. म्हणजे पालकाला कळते आणि मुलाला कळत नाही, हे कायद्याने गृहीत धरले. पण ज्या घरात आईवडिलांना वाचता येत नाही, तिथे ओटीपी मुलगीच वाचते, फॉर्म तीच भरते आणि 'मान्य आहे'वर बोटही तीच ठेवते. शिवाय घरात फोन एकच, तो बहुधा भावाच्या खिशात. अशा घरात संमती नेमकी कुणाची, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नाही.

कृत्रिम बुद्धिमत्तेची चर्चा शाळेत अजून बहुतेक गृहपाठाच्या नकलेपाशीच अडकते. कातकरी बोली त्या यंत्राला किती समजते, हा प्रश्न क्वचितच निघतो.

दहावीच्या विज्ञानाच्या दुसऱ्या भागात जैवतंत्रज्ञान आहे, 'सामाजिक आरोग्य' या पाठात मोबाइलचे व्यसन आणि सायबर गुन्हेही आहेत. तिथेही रोख वापरणाऱ्याच्या वागणुकीवरच आहे. निबंधाचा विषय बदलायला शिक्षकांना कुणाची परवानगी लागत नाही. एका सकाळी रेशन दुकानात किती अंगठे लागले, किती लागले नाहीत, आणि न लागलेल्यांनी पुढे काय केले, एवढे मुलांना वहीत मांडायला सांगावे.