पत्र्याखालच्या माणसाचे अनुदान

सरकारी दफ्तरात उन्हाळ्याचा खर्च म्हणजे टँकर आणि चारा छावणी. घराच्या आत तापणाऱ्या हवेसाठी तिथे रकाना नाही. धाराशिव जिल्ह्यात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पत्र्याखाली काय होते, ते लोहारा-उमरग्याकडच्या एखाद्या बाळंतिणीला विचारावे.

ही घरे पूर्वी अशी नव्हती. दगडमातीच्या रुंद भिंती, वर लाकूड आणि त्यावर पांढऱ्या मातीचा जाड थर, असे माळवद असायचे. भर दुपारी आत गारवा लागे. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे तीच माती अंगावर आली. किल्लारीच्या भूकंपात सास्तूरसारख्या गावांतली माणसे जड भिंती आणि छपराखाली गाडली गेली. पुढे लोकांनी माळवदाचा धसका घेतला, आणि तो रास्तच होता. जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले, 52 गावे नव्या जागी वसली. घर धक्क्याला टिकले पाहिजे, हे सर्वांना पटले. ते उन्हालाही टिकावे, असे कोणी म्हटले नाही. दारोदारी सुतक असताना उकाड्याचा विषय काढणे शोभलेही नसते. पण त्याला आता तीस वर्षे उलटून गेली.

आज पंतप्रधान आवास योजनेत ग्रामीण घरकुलाला 1 लाख 20 हजार रुपये मिळतात. वाळू-सिमेंटच्या आजच्या भावात एवढ्यात स्लॅब पडत नाही, म्हणून अनेक जण पत्रे टाकून मोकळे होतात. दुसरीकडे, 2024 मध्ये आलेली सूर्यघर योजना 75 हजार कोटींची. घराच्या छतावर तीन किलोवॉटचे पॅनेल बसवणाऱ्याला 78 हजारांपर्यंत अनुदान मिळते. योजना वाईट नाही. पण तिचा लाभ कोण घेतो? ज्याच्या डोक्यावर मजबूत छत आहे, वरचे पैसे घालायची ऐपत आहे आणि बिलही मोठे येते, तो. एक बल्ब आणि एक पंखा चालवणाऱ्याचे बिल वाचून वाचणार किती? 2025 मध्ये राज्याने घरकुलाला 50 हजारांची जोड दिली, त्यातले 15 हजार पुन्हा सौर पॅनेलसाठीच. म्हणजे तापलेल्या खोलीत पंखा फिरवायला पैसा आहे, खोली तापू नये म्हणून नाही.

स्वयंपाकाच्या गॅसच्या उज्ज्वला योजनेचेही तेच झाले. जोडण्या मोजल्या गेल्या. सिलिंडर परत किती वेळा भरला, याची चौकशी फार उशिरा झाली, आणि तोवर तुराट्यांवरची चूल पेटतच राहिली.

मग काय गरिबाला एसी द्यायचा, असे कोणी कुत्सितपणे विचारील. नाही. छताला चुन्याचा पांढरा हात, पत्र्याखाली हवेची पोकळी ठेवून दुसरे हलके आच्छादन, समोरासमोर खिडक्या आणि पश्चिमेच्या भिंतीला पडवी, एवढ्यानेही फरक पडतो. यातली एकही गोष्ट भूकंपात कोणाच्या अंगावर कोसळून जीव घेणारी नाही. थंडीच्या देशांना हे हिशेब केव्हाच कळले: अमेरिकेत 1976 पासून गरिबांच्या घरांच्या फटी बुजवायला आणि छपरांत उष्णतारोधक थर घालायला सरकार पैसे देते, कारण दरवर्षी इंधनाला मदत देत बसण्यापेक्षा घर एकदाच नीट करणे स्वस्त पडते. तेलंगणाने 2023 मध्ये थंड छतांचे धोरण आणले. तिथले ऊन आपल्यासारखेच. मग मराठवाड्याने कशाची वाट पाहायची?

घरकुलाचा शेवटचा हप्ता सोडताना फोटो काढला जातो. त्याच वेळी छताची तपासणी व्हावी आणि छत थंड राखण्याची रक्कम 1 लाख 20 हजारांतून कापून न घेता वेगळी द्यावी, एवढीच मागणी आहे. जुन्या पत्र्याच्या घरांना दर फाल्गुनात चुना मारण्याचे काम ग्रामपंचायतीने अंगावर घ्यावे. म्हातारी माणसे आणि तान्ही मुले असलेली घरे आधी.

1 मेला गावोगाव ग्रामसभा भरते. यंदा ती देवळाच्या सावलीत न भरवता एखाद्या पत्र्याच्या घरकुलात, दुपारी बारा वाजता भरवावी. ग्रामसेवकापासून सरपंचापर्यंत सगळ्यांनी आत बसावे. ठरावावर फार चर्चा होणार नाही.