पासबुक कुणाच्या हाती?

‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण पुरावा न मागताच निकाल देते. तिशीतल्या माणसाची किल्ली हरवली तर तो घाईत असतो. सत्तरीतल्याची हरवली तर ‘आता वय झालं’. खरे तर उतारवयात नावे चटकन आठवत नाहीत, नवे शिकायला वेळ लागतो. पण शब्दसंपत्ती आणि अनुभवातून आलेली जाण साठीनंतरही पुष्कळ वर्षे टिकते. धोंडो केशव कर्वे यांनी 1916 साली महिला विद्यापीठ स्थापन केले ते 58 व्या वर्षी, आणि 1944 साली समता संघ काढला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती.

व्यवहारात मात्र पेच उरतोच. 78 वर्षांच्या वडिलांचे बँकेचे व्यवहार मुलाने आपल्या हाती घ्यावेत का, यावर मुलगा आणि त्याची आत्या यांचा संवाद कल्पिता येतो.

“कर्व्यांचं सांगू नकोस, आत्या. असा माणूस लाखात एक. बाबा परवा फोनवर ओटीपी सांगायला निघाले होते.”

“ओटीपी सांगून फसलेली तरणी पोरं नाहीत का? त्यांची पासबुकं कुणी काढून घेतली?”

“त्यांना पुन्हा कमावता येतं. बाबांची पुंजी गेली की गेली.”

मुलाचे हे म्हणणे खोडता येत नाही. पोलीस असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अरेस्ट’ची भीती घालणाऱ्या टोळ्यांनी अनेक निवृत्तांची आयुष्यभराची बचत लुबाडली आहे. इथे काळजी म्हणजे अविश्वास नव्हे. म्हातारा म्हणजे शहाणाच, हाही एक साचाच. त्यात खरी मदतीची गरज झाकली जाते.

“शिवाय विचारतो एक, सांगतात दुसरंच. काल म्हटलं, औषध आणलं का? तर म्हणाले, दूध सकाळीच आलं.”

“टीव्ही चालू होता ना? दादाचे कान तपासलेस कधी?”

ऐकू कमी येणे आणि समज कमी होणे यांतली गल्लत घरोघरी होते, आणि तिची किंमत मोठी असते. ऐकू न येणारा माणूस हळूहळू बोलणे सोडतो, मग घरातले त्याला विचारणे सोडतात. उलट, स्मृतिभ्रंशाची खरी लक्षणेही ‘वयच झालं’ म्हणून डॉक्टरांपर्यंत पोहोचत नाहीत. एकच समजूत दोन्हीकडून नुकसान करते.

“मग करू काय?”

“आधी कान दाखव. मग त्यालाच विचार, फोनवरून रोज किती पैसे जाऊ शकतील याची मर्यादा कमी करू का. आकडा त्यानं ठरवायचा.”

“नाही म्हणाले तर?”

“समजून उमजून नाही म्हणाला, तर पैसा त्याचा आहे.”

“आणि समजत नसेल तर?”

“ते डॉक्टर सांगतील. तू आणि मी नाही.”