झाकलेला सांधा

वाद्याची जोडतार विकत आणावी की स्वतः करावी, हा प्रश्न वरवर काटकसरीचा दिसतो; आमच्या मते तो नीतीचा आहे. तिच्या टोकाची ६.३५ मिलिमीटरची खुंटी मूळची टेलिफोन-कचेरीतली. रॉबर्ट मूग यांनी १९६४ साली सिंथेसायझर घडविला, तेव्हा त्याच्या एका भागातून दुसऱ्यात स्वर नेण्याचे काम अशाच तारांकडे आले. खुंटीच्या आत सांधे दोनच: एक मधल्या तारेचा, दुसरा भोवतीच्या जाळीचा. कथील-शिशाचा डाख १८३ अंश सेल्सिअसच्या सुमारास वितळू लागतो. परंतु तारच पुरेशी तापली नसेल, तर तो तिला न धरता नुसता वर बसतो व निस्तेज दिसतो. टोपण फिरविले की दोष झाकतो, आणि त्या दिवशी वाद्य वाजतेही.

असा एक सांधा आम्ही ओळखूनही झाकला व ती तार मित्रास दिली. ऐन कार्यक्रमात ती खरखरली. त्याने दोष आपल्या वाद्यास दिला. आम्ही गप्प राहिलो.

बाजारची तार बिघडली म्हणजे आपण अनोळखी कारागिरास बोल लावतो. स्वतः जोडू लागलो म्हणजे तो कारागीर आपणच असतो. जे दुसऱ्यास उघडून पाहता येत नाही, तेथेच आपल्या सचोटीची खरी परीक्षा होते.