सोसणे म्हणजेच क्रूस वाहणे काय?

ख्रिस्ती जीवनात सहनशीलतेला मोठे स्थान आहे. प्रायश्चित्तकाळात दर शुक्रवारी आपण क्रूसाच्या वाटेची भक्ती करतो आणि आपली दुःखे प्रभूच्या दुःखांत मिसळतो. घरातील आजारपण, नोकरीतील अस्थैर्य, आप्तांचे टोचून बोलणे, हे सारे 'आपला क्रूस' समजून स्वीकारावे, असे वडीलधाऱ्यांनी आपल्याला शिकवले. त्या शिकवणीने कित्येक घरे संकटातून तरली, हे आपण नाकारणार नाही. परंतु हा उपदेश आपण सर्वांना सारखाच करतो काय? पुरुषांपेक्षा स्त्रियांना आणि मालकापेक्षा मजुराला तो अधिक वेळा ऐकावा लागतो, असे थोड्या विचारान्ती दिसून येईल. म्हणूनच विचारणे प्राप्त आहे की, दुसऱ्याने लादलेला अन्याय मुकाट्याने सोसणे हा ख्रिस्ती सद्गुण आहे काय?

या प्रश्नाचा विचार ज्यांना ग्रंथांतून नव्हे, तर पाठीवरच्या वळांतून करावा लागला, अशा कृष्णवर्णीय ख्रिस्ती स्त्रिया अमेरिकेत होऊन गेल्या. दासांनी धन्याच्या आज्ञेत राहावे, एवढेच बायबलातून त्यांच्या कानी घातले जाई. पण त्याच बायबलात त्यांना मिसर देशाच्या दास्यातून आपल्या लोकांना सोडवणारा देव भेटला आणि साराची मिसरी दासी हागारही भेटली. छळाला कंटाळून हागार रानात पळाली, तेव्हा देवदूताने तिला परत जाण्यास सांगितले. हा भाग अवघड आहे, आणि धन्यांना तो सोयीचा वाटावा असाही आहे. तथापि कथेचे मर्म पुढे आहे. ज्या दासीला तिच्या मालकांनी कधी नावाने हाक मारल्याचे दिसत नाही, तिला देवदूत नावाने हाक मारतो. आणि ती देवाला 'पाहणारा' असे नाव देते. आपले दुःख देव पाहतो, हे एकदा कळले की ते दुःख देवाने योजलेले आहे, असे मानणे कठीण होते.

हॅरियट टबमन या अशाच श्रद्धेच्या स्त्री होत्या. १८४९ साली त्या मेरीलँडमधील गुलामगिरीतून निसटल्या. स्वतः सुटल्यावर त्या स्वस्थ बसल्या नाहीत. जिवावर उदार होऊन त्या पुन्हा पुन्हा मागे गेल्या आणि सुमारे सत्तर जणांना त्यांनी मुक्त केले. अमेरिकेच्या प्रवासात या टबमनबाईंची भेट घेणारी एक मराठी स्त्री होती. ती म्हणजे पंडिता रमाबाई.

रमाबाई आपल्या पंथाच्या नव्हत्या. १८८३ साली इंग्लंडमधील वाँटेज येथे अँग्लिकन पंथात त्यांचा बाप्तिस्मा झाला. परंतु त्यांची कर्मभूमी असलेले केडगाव आपल्याच पुणे जिल्ह्यात आहे. विधवांसाठी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढणाऱ्या आणि पुढे दुष्काळात निराधार मुलींना केडगावच्या मुक्ती सदनात आणणाऱ्या रमाबाई आपल्याला ठाऊक असतात. दयेचे काम म्हणून त्याचा गौरवही होतो. मात्र १८९७ सालच्या रमाबाई आपण फारशा आठवत नाही. पुण्यात प्लेगची साथ होती. सरकारी प्लेग रुग्णालयात स्त्रियांना मिळणाऱ्या वागणुकीविषयी रमाबाईंनी 'बॉम्बे गार्डियन' या पत्रात उघडपणे लिहिले. त्या पत्राचे पडसाद थेट ब्रिटिश पार्लमेंटात उमटले आणि मुंबईच्या गव्हर्नरांनी आरोप नाकारले. राज्यकर्ते ख्रिस्ती होते आणि रमाबाईही ख्रिस्ती होत्या. तरीही त्यांच्या श्रद्धेने त्यांना गप्प बसवले नाही, उलट बोलते केले. अनाथ मुलीला आसरा देणे ही दया. तिच्यावर ही पाळी कोणामुळे आली, असे विचारणे हा न्याय. रमाबाईंनी दोन्ही केले, आणि दुसऱ्यासाठी त्यांना अधिक मोल द्यावे लागले.

येथे एक आक्षेप घेतला जाईल. प्रभू येशूने स्वतः निमूटपणे क्रूस वाहिला, मग आपण तक्रार का करावी? आक्षेप गंभीर आहे. पण शुभवर्तमान नीट वाचले पाहिजे. महायाजकापुढे एका शिपायाने प्रभूला चपराक मारली, तेव्हा प्रभू गप्प राहिला नाही. माझे काही चुकले असेल तर दाखव, नाही तर मारतोस का, असा जाब त्याने विचारला. त्याने उलट हात उगारला नाही, पण अन्यायाला अन्याय म्हणण्याचे सोडले नाही. शिवाय क्रूस त्याने इतरांच्या मुक्तीसाठी आपखुशीने स्वीकारला. टबमन पुन्हा धोक्यात शिरल्या, तो त्यांचा क्रूस होता. गुलामगिरी हा त्यांचा क्रूस नव्हता, ते इतरांचे पाप होते. हा भेद पुसला गेला की, पाप करणाऱ्याची सोय होते आणि क्रूसाची विटंबना होते.

न्याय मागता मागता मन द्वेषाने भरते, अशी दुसरी शंका घेतली जाते. मिसिसिपीतील शेतमजूर फॅनी लू हेमर १९६२ साली मतदार म्हणून नाव नोंदवायला गेल्या, म्हणून त्यांना मळ्यातून हाकलण्यात आले. पुढच्या वर्षी विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. त्याच तुरुंगात त्यांनी भक्तिगीते गायिली, आणि १९६४ साली साऱ्या देशासमोर साक्ष दिली. क्षमा आणि साक्ष ही दोन्ही एका हृदयात नांदू शकतात, हे त्यांच्या चरित्रावरून दिसते.

आपल्याच ख्रिस्तसभेतील उदाहरण सिस्टर थिया बोमन यांचे आहे. वयाच्या नवव्या वर्षी त्या कॅथलिक झाल्या आणि पुढे फ्रान्सिस्कन धर्मभगिनी बनल्या. १९८९ साली कर्करोगाने जर्जर असताना चाकांच्या खुर्चीत बसून त्यांनी अमेरिकेतील महागुरुस्वामींसमोर भाषण केले. कृष्णवर्णीयांना ख्रिस्तसभेत खरोखर घरच्यासारखे स्थान आहे काय, हाच त्यांच्या बोलण्याचा गाभा होता. त्यात कडवटपणा नव्हता आणि लाचारीही नव्हती. शेवटी त्यांनी महागुरुस्वामींना हातात हात गुंफून आपल्याबरोबर गायला लावले. १९९० साली त्या निवर्तल्या; २०१८ साली त्यांना संतपद देण्याविषयीच्या प्रक्रियेला प्रारंभ झाला.

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. जोतीराव फुले यांनी १८७३ साली आपला 'गुलामगिरी' हा ग्रंथ अमेरिकेतील गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या सज्जनांना अर्पण केला, तेव्हाच हे नाते जुळले आहे. आपल्यापैकी अनेकांचे आईवडील नगर जिल्ह्यातील खेड्यांतून पोटासाठी पिंपरी-चिंचवडला आले. गावकुसाबाहेरचे जिणे काय असते, हे त्यांना ऐकून नव्हे, भोगून ठाऊक होते. आज आपल्यापैकी काहींचे पगार बरे आहेत, घरे पक्की आहेत. परंतु चाकण, तळवडे, भोसरीच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेकेदाराच्या हाताखाली राबणाऱ्या बायका आजही आहेत.

८ डिसेंबर २०२३ रोजी तळवडे येथे, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या मेणबत्त्या तयार करणाऱ्या एका कारखान्याला आग लागली. त्यात होरपळून मेलेल्यांत बहुतेक बायकाच होत्या. तो निष्कलंक मरियेच्या सणाचा दिवस होता. ज्या मरियेने सत्ताधीशांना आसनावरून खाली ओढणाऱ्या देवाचे स्तवन केले, तिच्या सणाच्या दिवशी हे घडले. मृतांसाठी प्रार्थना करणे आपले कर्तव्यच आहे. पण त्या कारखान्याला परवानगी होती काय, बाहेर पडायला वाट होती काय, हे विचारणेही त्या प्रार्थनेचाच भाग आहे. १९७१ साली रोम येथे भरलेल्या महागुरुस्वामींच्या सिनडने न्यायासाठी झटणे हा शुभवर्तमानाच्या घोषणेचा अविभाज्य घटक मानला, तो याच अर्थाने.

प्रारंभ घरापासून करता येईल. आपल्याकडे धुणीभांडी करणाऱ्या बाईला आठवड्याची सुट्टी आणि आजारपणात पगार मिळतो काय? आपण पर्यवेक्षक असलो, तर आपल्या हाताखालील कंत्राटी बायकांचा भविष्य निर्वाह निधी भरला जातो काय, हे पाहतो काय? सासरी मार खाणारी सून धर्मग्रामात मदत मागायला आली, तर तिला सोसण्याचा सल्ला देऊन आपण परत पाठवतो काय?

प्रभूने सांगितलेल्या दाखल्यात एक विधवा न्यायाधीशाच्या दारी रोज जाते आणि न्याय मिळेपर्यंत थांबत नाही. अखंड प्रार्थना कशी करावी, हे शिकवण्यासाठी प्रभूने तिचा दाखला दिला; सोसणाऱ्या बाईचा नव्हे, मागणाऱ्या बाईचा. आज अशी विधवा आपल्या दाराशी आली, तर तिच्या बाजूला उभे राहायचे की त्या न्यायाधीशासारखे दार लावून घ्यायचे, हे आपल्याला ठरवावे लागेल.