लिलावाच्या आधी

दुसरे महायुद्ध 1945 मध्ये संपले. सैनिक घरी गेले, सामान मात्र जिथल्या तिथे राहिले. देहूरोडच्या लष्करी भांडाराची गोष्ट अशीच सांगता येईल. तंबू, ब्लँकेटे, तारांची भेंडोळी, ट्रकचे सुटे भाग आणि पेट्यांवर पेट्या. दोन वर्षांत देश स्वतंत्र झाला आणि हा सगळा पसारा आपल्या सरकारच्या नावावर आला.

तिथे एक म्हातारा स्टोअरकीपर होता. एके दिवशी वरून हुकूम आला : पावसाच्या आत मैदान मोकळे करा. स्टोअरकीपरने मैदानाचे दोन भाग केले. एक थोरल्या मदतनिसाला दिला, एक धाकट्याला.

थोरल्याने मोठा काटा मांडला. लोखंड एकीकडे, कापड एकीकडे, लाकूड एकीकडे. पेटीत काय आहे हे त्याने पाहिलेच नाही. भंगारवाले जमले. एक वार, दोन वार, तीन वार! महिन्याभरात त्याचा भाग झाडून लख्ख झाला. वरून शाबासकीचे पत्र आले.

धाकट्याने पहिलीच पेटी उघडली. आत ग्रीसमध्ये गुंडाळलेला कोरा गीअर निघाला. "हा कधीतरी लागेल," तो म्हणाला. दुसरी उघडली. "हेही लागेल." तिसरीलाही तेच. त्याने सुईसुद्धा विकली नाही. सगळे शेडमध्ये कोंबले, कुलूप ठोकले आणि किल्ली कमरेला लावली.

मग मावळातला पाऊस सुरू झाला.

दिवाळीनंतर भांडारातला एक ट्रक बंद पडला. गीअर हवा होता. थोरल्याच्या भागात आता गवतच होते. स्टोअरकीपर पुण्याच्या जुन्या बाजारात गेला. एका दुकानात त्याला हवा तोच गीअर सापडला, ग्रीससकट, वर त्यांच्याच भांडाराचा शिक्का. दुकानदाराने नव्या मालाची किंमत सांगितली. स्टोअरकीपरने मुकाट्याने पैसे मोजले आणि परत येऊन पावती थोरल्यासमोर ठेवली.

"शेराने विकला, नगाने विकत घेतला," तो एवढेच म्हणाला.

विकणारा हात आणि घेणारा हात एकमेकांना ओळखत नसले की असे होते. सरकारसाठी खरेदी करणाऱ्या दिल्लीतल्या महासंचालनालयाच्या नावात पुरवठा आणि विल्हेवाट हे दोन शब्द शेजारी यायला 1951 साल उजाडले.

धाकट्याला हसू आवरेना. "तात्या, माझ्याकडे मागायचा होतात की! तसले गीअर पडलेत माझ्या शेडमध्ये."

"चल, उघड."

कुलूप उघडले. तंबूंना वाळवी लागली होती, ब्लँकेटांना कसर. छत गळून पेट्यांत पाणी शिरले होते आणि गीअर गंजून एकमेकांना चिकटले होते. धाकट्याने एक तंबू उचलला. तो हातातच फाटला.

"पिंपरीच्या छावणीत सिंधी निर्वासित आलेत," स्टोअरकीपर म्हणाला. "त्यांची पोरं याच पावसात भिजली. रेल्वेनं किती लांब आहे रे पिंपरी?"

धाकट्याने मान खाली घातली. तिकडे कल्याणला तर अख्खी लष्करी छावणीच निर्वासितांना राहायला मिळाली होती. 1949 मध्ये तिचे उल्हासनगर असे नामकरणही झाले.

पुढच्या वर्षी आणखी माल आला. या वेळी स्टोअरकीपर स्वतः मैदानात बसला. तंबू शिवणाऱ्या म्हातारीला त्याने शेजारी बसवले. प्रत्येक पेटी उघडायची, आणि माल धड, दुरुस्त होणारा किंवा मोडका, तसा त्या ढिगावर टाकायचा. म्हातारीने तीन फाटक्या तंबूंचे दोन धड तंबू केले. धड मालाची यादी करून त्याने इस्पितळाला, रेल्वेला, छावणीला पत्रे धाडली : तुम्हाला काय हवे? उत्तर येईल तसा माल जाऊ लागला. ज्याला कुणीच हात लावला नाही, तोच लिलावात गेला.

हे काम सावकाशीचे. पावसाच्या आत मैदान मोकळे झाले नाही, आणि वरून ताकीद आली. चांगल्या कामाला ताकीद मिळणे सरकारी भांडारात नवीन नाही. स्टोअरकीपरने ती फायलीला लावली आणि पुढची पेटी उघडली.

1951 मधली गोष्ट. एके सकाळी चार इंजिनांचे एक अवजड विमान भांडारावरून गेले. दोघे मदतनीस तोंड वर करून बघत राहिले.

"हे लिबरेटर. पुण्याला आलंय आता," स्टोअरकीपर म्हणाला. "हेही भंगारच होतं."

ते खरे होते. युद्ध संपल्यावर ही अमेरिकी बनावटीची बाँबफेकी विमाने कानपूरला टाकून दिली होती. पुन्हा कुणी उडवू नयेत म्हणून जाणाऱ्या ब्रिटिशांनी ती मुद्दाम मोडून ठेवली होती. वजनावर गेली असती तर त्यांची भांडी झाली असती. पण बंगळूरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टची माणसे त्या ढिगात शिरली. यातले काय जुळते, ते त्यांनी पाहिले. जेमतेम उडण्याजोगे झालेले एकेक विमान जमशेद मुन्शी या वैमानिकाने बंगळूरला नेले. तिथे त्यांची नीट दुरुस्ती झाली. 1948 मध्ये त्यांची पहिली तुकडी उभी राहिली.

"तात्या, मग आम्ही चुकलो कुठं?" थोरल्याने विचारले. "मी विकलं, यानं ठेवलं."

"दोघांनीही माल बघितला, माणूस नाही बघितला," स्टोअरकीपर म्हणाला. "वस्तू ज्याला हवी त्याच्याकडे वेळेवर पोचली, तरच तिची किंमत."

कानपूरच्या ढिगातून निघालेली ती विमाने हवाई दलाने 1968 पर्यंत वापरली.